बन्सी मिस्त्रीचा डावा कान

बन्सी ओहोळ मोटारी भरायचा. विहिरीतली, बोअरमधली, नदीकाठची पाण्याची मोटार जळाली की शेतकरी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून चिंचमळा फाट्यावर त्याच्या पत्र्याच्या दुकानापुढं आणून उतरवायचे. आतली काळीठिक्कर पडलेली तार काढायची, नवी तांब्याची तार वेटोळी करून बसवायची, वार्निश द्यायचं, बेरिंग बदलायचं, एवढा त्याचा धंदा. दौंड तालुक्याच्या त्या अंगाला सत्तावीस वर्षं त्यानं हेच केलं. कासुर्डीपर्यंतची गिऱ्हाइकं यायची. त्यांचा विश्वास त्याच्या हातावर होता तेवढाच कानावर होता. चालत्या मोटारीवर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ डाव्या कानाच्या पाळीमागं धरायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. अर्ध्या मिनिटात सांगायचा, "वरचं बेरिंग गेलंय" किंवा "काय न्हाई, पायाचा बोल्ट ढिला हाय." मोटार उघडल्यावर तेच निघायचं.

दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीतला गुरुवार. सकाळी अकराच्या सुमारास दोन पोलीस मोटारसायकलवरून दुकानात आले आणि म्हणाले, "चल, साहेबांनी बोलावलंय. पाच मिनिटांचं काम हाय."

बन्सीनं हातावरचं वार्निश पुसलं. बायकोला, अंजनाला, फोन करून सांगावं असं मनात आलं, पण पाच मिनिटांचंच काम म्हटल्यावर उगीच कशाला घोर लावायचा, म्हणून नाही केला.

ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर पोपटराव बसलेले दिसले. हे पोपटराव नदीकाठचे ऊसवाले बागायतदार, बन्सीचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. आठवड्यापूर्वी त्यांच्या मोटारीची तीनशे फूट केबल चोरांनी कापून नेली होती, तिच्या तक्रारीसाठी ते आले असणार. बन्सी त्यांना "जय भीम आप्पा" म्हणाला. पोपटरावांनी मान हलवली आणि मोबाईलमध्ये डोळे घातले.

आत फौजदार उभाच होता. नवीन बदलून आलेला, पस्तिशीच्या आतला, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस. दार पुढं लोटलेलं, पण पुरतं लागलेलं नव्हतं.

"तांबं कुणाकडनं घेतो रे?"

"साहेब, मी चोरीचं तांबं घेत न्हाई. जुन्या मोटारीतली जळकी तार निघती ती—"

पहिली चापट तिथंच बसली. बन्सीला वाटलं, काहीतरी गैरसमज झालाय, आपण नीट सांगितलं की साहेबाला पटेल. तो पुन्हा सांगायला लागला. दुसरी बसली. तिसरी मात्र उघड्या तळव्याची, नेमकी डाव्या कानावर. कानात काहीतरी फाटल्यागत झालं आणि मग एक बारीक शिट्टी सुरू झाली. फौजदाराचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द लांबून, पाण्याखालून आल्यासारखे येत होते.

संध्याकाळी सातपर्यंत त्याला भिंतीशी बसवून ठेवलं. कुठं सही नाही, कुठल्या रजिस्टरात नाव नाही. सोडताना फौजदार उजव्या बाजूनं बोलला म्हणून ते ऐकू आलं. "जा आता. कुठं तोंड उघडलंस तर केबलच्या गुन्ह्यात तुझंच नाव घालीन."

बाहेर बाक रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी कानातून पाणी आणि रक्त यायला लागलं, तेव्हा तो एकटाच सरकारी दवाखान्यात गेला. दाराशी पोलिसांची एक मोटारसायकल उभी होती. ती कुणाची, कशासाठी, त्याला काय माहीत. पण ती बघितल्यावर तो भिंतीकडेनं, मान खाली घालून आत गेला.

तरुण डॉक्टरनं कानात बत्ती धरून बघितलं. "पडदा फाटलाय. कशानं झालं?"

"गाडीवरनं पडलो."

डॉक्टरनं त्याचे कोपर, गुडघे, तळहात उलटेपालटे करून बघितले. "गाडीवरनं पडला आन् लागलं ते फक्त कानाला? कुठं खरचटलं पण न्हाई?"

बन्सीनं शर्टाची बाही खाली ओढली. डॉक्टरनं केसपेपरवर लिहिलं, 'मोटारसायकलवरून पडल्याचे सांगतो. अंगावर इतरत्र कोठेही जखम अथवा खरचटलेले नाही.' आणि दौंडच्या कानाच्या डॉक्टरकडं जायला सांगितलं. दौंडला काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. पडदा कदाचित भरून येईल, पण आतली नसही दुखावलीय, पहिल्यासारखं ऐकू येणार नाही, असं त्या डॉक्टरनं कागदावर आलेख दाखवून सांगितलं.

अंजनाला त्यानं तीन दिवस काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना ती डाव्या बाजूला बसून दोनदा "भाकरी घ्या" म्हणाली आणि हा तसाच बसून राहिला, तेव्हा तिनं ताट बाजूला सरकवलं.

"अवं, काय झालंय खरं सांगा. माझी आन हाय तुम्हाला."

मग त्यानं सांगितलं. अंजनाला राग आला होता की भीती वाटत होती, तिचं तिलाही कळत नव्हतं. शेवटी एवढंच म्हणाली, "मोनालीला कळवू नका. तिचं ग्राउंड जवळ आलंय."

पण मोनाली रविवारी घरी आलीच. ही त्यांची एकुलती एक लेक. शिरूर तालुक्यात कारेगावला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची, रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला होती, आणि पहाटे उठून पळायची. पोलीस भरतीची तयारी चालली होती तिची. आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, शिवाय लेखी. वयाच्या सोळाव्या वर्षापासून तिला खाकी घालायची होती आणि बन्सी गिऱ्हाइकांना ते मोठ्या कौतुकानं सांगायचा.

बाप मान वळवून उजवा कान पुढं करतोय हे तिच्या पाच मिनिटांत ध्यानात आलं. सगळं ऐकल्यावर ती पायऱ्यांवर जाऊन बसली. आत आली तेव्हा म्हणाली, "पप्पा, असं करायचंच नसतं. चौकशीला बोलवायचं तर नोटीस द्यायची, बसवून ठेवलं तर नोंद करायची. आमच्या पुस्तकात आहे सगळं. मी पाठ केलंय ते."

"पुस्तकात आसंल बाळा."

"मग तक्रार करायची."

बन्सीला ते पटेना. तक्रार करायची कुणाकडं? पोलिसांचीच पोलिसांकडं?

मंगळवारी तिघंही दौंडला गेले. मोनालीच्या मैत्रिणीच्या ओळखीनं शितल जगदाळे नावाच्या वकीलबाई मिळाल्या. कोर्टासमोरच्या गाळ्यात बसणाऱ्या, बोलायला सडेतोड. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, पुण्यात पोलीस तक्रार प्राधिकरण म्हणून असतं, तिथं शपथपत्रावर तक्रार द्यायची. ते चौकशी करून कारवाईची शिफारस करतं. दुसरी, दिवाणी कोर्टात नुकसानभरपाईचा दावा. आधी सरकारला नोटीस द्यायची, दोन महिने थांबायचं, मग दावा लावायचा.

"मामा, पहिली वाट त्यांच्या वर्दीपुरती, दुसरी तुमच्या कानापुरती," शितलताई म्हणाल्या. "दोन्ही वेगवेगळ्या. एकीचा दुसरीशी घोळ घालायचा नाही." मग त्यांनी केसपेपर हातात घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे काय? गाडीवरनं पडलो?"

"भ्यालो व्हतो ताई."

"मग तसंच लिहायचं. शपथेवर. मी डॉक्टरांना खोटं सांगितलं, कारण भीती वाटत होती."

"आन् मग खोटं बोलला म्हणून माझ्यावरच केस घातली तर?"

शितलताईंनी कागद पुन्हा वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'अंगावर इतरत्र कोठेही जखम अथवा खरचटलेले नाही.' "ह्या डॉक्टरनं तुमच्यावर उपकार केलेत, मामा. चालत्या गाडीवरनं पडलेल्या माणसाचं अंग असं नसतं."

बन्सीनं सही केली. ती बँकेतल्या सहीशी जुळेना. पुन्हा करावी लागली.

तक्रार पुण्याला गेली आणि चौथ्याच दिवशी बाळासो दुकानावर आला. बाळासो म्हणजे रस्त्यांची कामं घेणारा ठेकेदार. ठाण्यात त्याची रोजची ऊठबस. त्यानं स्टूल ओढलं, चहा मागवला, मोटारीच्या धंद्याची विचारपूस केली. मग हळूच म्हणाला, "बन्सी, साहेब तसा वाईट माणूस न्हाई. वरनं टेन्शन असतंय. हात उठला एखाद्या येळंला. मिटवून घे की."

"मी भांडाण कुठं केलंय, बाळासो?"

"कागद पाठवलाय न्हवं पुण्याला?" बाळासोनं चहा संपवला. उठता उठता तो म्हणाला, "पोरगी भरतीला पळतीय म्हणं तुझी. चांगलं हाय. निवड झाल्यावर व्हेरिफिकेशनचा कागद कुठल्या ठाण्यात येतो, ठावं हाय ना?"

त्याची गाडी वळणाआड गेली तरी बन्सी हातात पक्कड धरून तसाच उभा होता.

त्या दिवसापासून त्याच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. दुकानापुढं कुठलीही मोटारसायकल थांबली की हातातलं काम सुटायचं. डाव्या बाजूनं येणारी गाडी कळायची नाही, एकदम अंगावर आल्यासारखी समोर उगवायची. म्हणून त्यानं कामाचा टेबल हलवून डावी बाजू भिंतीकडं केली. जळकी तार तो दुकानात ठेवीनासा झाला. मोटार उघडली की तार पोत्यात भरून तिथल्या तिथं मालकाच्या हवाली करायचा आणि वहीत त्याची सही घ्यायचा. दुकान बंद करताना कोपरान् कोपरा बघायचा. कुणी हळूच केबलचा तुकडा आणून टाकला तर? सकाळी उघडल्यावर पुन्हा तेच. अंजनानं फुलं तोडायच्या मजुरीवर जायचं सोडलं आणि ती दिवसभर दुकानात येऊन बसायला लागली. लसूण निवडायची, निवडलेला पुन्हा निवडायची, नजर रस्त्यावर.

गिऱ्हाइकं कमी झाली. कुणी तोंडावर काही म्हटलं नाही. पण ठाण्यात ज्याचं वाकडं आहे त्याच्या दुकानात मोटार टाकायची, उद्या ती तिथं अडकली तर काय घ्या, असं माणसांना वाटलं असावं. जी गिऱ्हाइकं येत होती त्यांच्या मोटारीही त्याला आता नीट ऐकू यायच्या नाहीत. उजव्या कानाला स्क्रू ड्रायव्हर लावला की आवाज यायचा, पण ओळखीचा वाटायचा नाही. दोनदा त्यानं चांगलं बेरिंग खराब म्हणून काढलं. दुसऱ्यांदा मालक हसला, "मिस्त्री, म्हातारं झाला तुम्ही." बन्सीनं मजुरी घेतली नाही.

उन्हाळ्यात सरकारला नोटीस गेली आणि ठाण्यातून एक शिपाई जबाब घ्यायला येऊन गेला. जबाब साधाच होता, शिपाई अदबीनं बोलला. पण त्यानंतर बन्सीला जेवण जाईना. तेव्हा मोनालीनं त्याला आठ दिवस कारेगावला नेलं. मैत्रिणी गावी गेल्या होत्या, खोली मोकळी होती. गल्लीत सगळी परमुलखाची माणसं, खोल्यांना खोल्या चिकटलेल्या. तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं, आणि तेवढ्यानंच त्याला बरं वाटलं. सकाळी तो लेकीबरोबर मैदानावर जायचा. ती गोल गोल पळायची, हा हातात घड्याळ घेऊन उभा राहायचा.

एकदा पळून झाल्यावर ती पाणी पीत होती, तेव्हा त्यानं बाळासोचं बोलणं तिला सांगितलं आणि विचारलं, "घेऊ का तक्रार मागं? तुझ्यापायी म्हणतोय."

मोनालीनं बाटलीचं झाकण लावलं. "मला पण भीती वाटते, पप्पा. रोज वाटते. एवढं पळून शेवटी कागदावर कुणी काहीतरी लिहिलं तर?" मग शूजची नाडी बांधायला वाकली आणि खाली बघतच म्हणाली, "पण तुम्ही मागं घेतलीत ना, तर उद्या वर्दी घालून मी त्याच माणसाला सलाम ठोकायचा. ते मला नाही जमायचं."

बन्सी आठव्या दिवशी सकाळच्या एसटीनं चिंचमळ्याला परत आला आणि दुकान उघडलं.

पावसाळ्यात दावा लागला. शितलताई म्हणाल्या, "आपल्याकडं कानाचा रिपोर्ट आहे, केसपेपर आहे. ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग माहितीच्या अधिकारात मागितलं, उत्तर आलं, 'उपलब्ध नाही.' समोरचे म्हणणार, हा माणूस त्या दिवशी ठाण्यात आलाच नव्हता. तुम्हाला तिथं बघणारं कुणी आहे?"

होतं एक. बन्सी पोपटरावांच्या वस्तीवर गेला. पोपटराव गोठ्यात होते. त्याला बघून त्यांनी हातातली वैरण खाली ठेवली, पण बस म्हणाले नाहीत.

"आप्पा, तुम्ही बाकावर व्हता."

"व्हतो. पर मी काय पाह्यलं न्हाई, बन्सी. दार लोटलेलं व्हतं."

"पाह्यलं नसंल. ऐकलं तर आसंल."

पोपटराव गव्हाणीकडं तोंड करून उभे राहिले. गाय त्यांच्या हाताला हुंगत होती. मग ते म्हणाले, "तुझं नाव मीच दिलं व्हतं."

बन्सीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. तो उजव्या बाजूनं पुढं सरकला.

"केबल कोण घेत आसंल, म्हणून फौजदारानं विचारलं. मी म्हणलो, आमच्या बन्सीला विचारा, त्याला तांब्याच्या बाजारातलं सगळं ठावं हाय. वाईटावर न्हाई म्हणलो रे. वाटलं, तू चार नावं सांगशील." पोपटरावांनी वैरण उचलून गव्हाणीत टाकली. "आन् मग आतनं आवाज आलं. मी उठून घरी आलो. घरी येऊन जेवलो सुदीक."

राग करायचा तर कुणाचा? वीस वर्षं ज्याच्या विहिरीत उतरलो, ज्याच्या घरचा चहा प्यालो, त्याच्याच तोंडून आपलं नाव गेलं. तो चप्पल घालून निघाला. मागून पोपटरावांनी हाक मारली असेलही. ते डावीकडं उभे होते.

पुण्यातली प्राधिकरणापुढची सुनावणी लागायला वर्ष उलटलं. तीन तारखा नुसत्या पुढं गेल्या. प्रत्येक तारखेच्या आधीचे चार दिवस बन्सीच्या घरात धड स्वयंपाक व्हायचा नाही. अखेर चौथ्या तारखेला दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या. फौजदाराचं लेखी म्हणणं असं की ओहोळ नावाच्या इसमाला त्या दिवशी ठाण्यात आणलेलंच नव्हतं. त्याच्या वकिलानं केसपेपर वर धरला.

"दवाखान्यात तुम्ही काय सांगितलं होतं?"

"गाडीवरनं पडलो म्हणून."

"म्हणजे खोटं बोललात?"

"व्हय."

"आज खरं बोलताय कशावरून?"

फौजदार दोन हात अंतरावर बसला होता, सरळ त्याच्याकडं बघत. बन्सीनं शितलताईंकडं पाहिलं. त्यांनी काही खूण केली नाही.

"साहेब," तो समोरच्या अधिकाऱ्यांना म्हणाला, "तवा खोटं बोललो त्याचं कारण ह्यांचं भ्या व्हतं. भ्या आजबी हाय. आजबी मला खोटंच बोलणं सोपं हाय. काय झालंच न्हाई म्हणलो की घरी जाऊन झोपता यील."

लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं. तेवढ्यात शिपायानं आत येऊन चिठ्ठी दिली, एक साक्षीदार बाहेर आलाय. पोपटराव होते. शितलताईंनी त्यांचं नाव यादीत घातलं होतं, समन्स गेलं होतं, पण ते येतील असं बन्सीनं धरलेलंच नव्हतं. धुतलेलं धोतर-टोपी घालून, जावयाच्या गाडीतून, उशिरा का होईना, ते आले होते. खुर्चीत बसायला सांगितलं तरी उभेच राहिले.

"मी पाह्यलं काय न्हाई," ते म्हणाले. "खोटं सांगणार न्हाई. बन्सीला अकराच्या पुढं आत नेला. तीन चापटा वाजल्या. दुसरीच्या येळंला तो 'साहेब, ऐका तर' असं म्हणला. तिसरीनंतर त्याचा आवाज आला न्हाई. मी घरी गेलो. एवढंच."

फौजदाराच्या वकिलानं त्यांना ऊस कितीला गेला, बन्सीशी काय देणंघेणं, असलं बरंच विचारलं. पोपटराव प्रत्येक प्रश्नाला तेच सांगत राहिले. बाहेर आल्यावर ते आणि बन्सी एकमेकांशेजारी उभे राहिले. पोपटराव गाडीत बसताना म्हणाले, "चिंचमळ्यापर्यंत येतो का?" बन्सी एसटीनं जातो म्हणाला.

चार महिन्यांनी प्राधिकरणाचा आदेश आला. फौजदाराची खात्यांतर्गत चौकशी करावी अशी शिफारस त्यात होती. फौजदाराची बदली दुसऱ्या जिल्ह्यात आधीच झाली होती. शिक्षा झाली का, तर नाही. चौकशी सुरू व्हायची होती. पण तो कागद आल्यावर बाळासो पुन्हा उगवला आणि या वेळी त्यानं स्टूल ओढलं नाही, उभ्यानंच बोलला. साहेब दिवाणी दावा मिटवायला तयार आहेत, स्वतःच्या खिशातून भरपाई देतील. फक्त पुण्याची तक्रार मागं घ्यायची.

शितलताईंनी ते एका दमात उडवून लावलं. "आदेश निघालाय. आता तो कागद ना मामांच्या हातात, ना माझ्या. दाव्यापुरतं बोलायचं असेल तर लोकअदालतीत या."

बन्सीला त्या आठवड्यात काही सुधरेना. पैसे घेतले तर गावात म्हणतील, कानाची किंमत वसूल केली. नाही घेतले तर दावा आणखी किती वर्षं चालेल याचा नेम नाही, आणि कानाचं ऑपरेशन तसंच पडून. अंजनाचं म्हणणं सरळ होतं. "घ्या आन् मोकळं व्हा. मला पुन्यांदा तारखा नगं." मोनाली फोनवर म्हणाली, "लिहितात काय ते बघा आधी." ती त्या वर्षीच्या भरतीत ग्राउंडला चांगली उतरली, लेखीत चार मार्कांनी राहिली होती. व्हेरिफिकेशनपर्यंत गोष्ट गेलीच नाही. पुढच्या भरतीसाठी ती पुन्हा पळत होती.

दौंडच्या कोर्टात लोकअदालत भरली त्या दिवशी जागा अपुरी पडावी एवढी गर्दी होती. एका टेबलाशी ते सगळे बसले. फौजदार साध्या कपड्यात, चौकड्याचा शर्ट घालून आला होता. वर्दीशिवाय तो बन्सीला बारीक वाटला. तडजोडीचा मसुदा त्याच्या वकिलानं करून आणला होता. पावणेतीन लाख रुपये, एक महिन्यात. शितलताईंनी मोठ्यानं वाचलं, 'गैरसमजातून घडलेल्या किरकोळ प्रकाराबाबत उभय पक्षांत समेट झाला असून...'

"थांबा ताई," बन्सी म्हणाला. "गैरसमज कुणाचा?"

"तशी भाषा असतेच," दुसरा वकील म्हणाला.

"माझा काय गैरसमज झाल्याला न्हाई. आन् किरकोळ म्हणजी काय? ह्ये काढा."

टेबलाशी बसलेल्या न्यायाधीशबाईंनी विचारलं, त्याऐवजी काय हवं. बन्सीनं ते आठवडाभर मनात घोळवलं होतं. "माझ्याकडं चोरीचं काय सापडलं न्हाई. मी संशयित नव्हतो. एवढं लिहा. माफी नगं."

अर्धा तास त्यावर गेला. फौजदार वकिलाच्या कानाशी लागून काहीबाही बोलत होता, मान हलवत होता. पलीकडं बाळासो दाराशी उभा राहून बघत होता. बन्सीला वाटलं, आता हे उठून जातील, दावा चालू राहील, पुन्हा वर्षानुवर्षं तेच. अंजनानं टेबलाखाली त्याचा हात घट्ट धरला, 'गप बसा' म्हणून की 'सोडू नका' म्हणून, त्याला कळलं नाही. शेवटी दुसऱ्या वकिलानं खोडून लिहिलं, 'नमूद दिनांकी वादीकडे चोरीचा कोणताही मुद्देमाल मिळून आला नव्हता व वादी कोणत्याही गुन्ह्यात संशयित नव्हता.' 'किरकोळ' गेलं. 'गैरसमज'ही गेला. बन्सीनं एकेक शब्द बोटानं वाचला आणि सही केली. या वेळी पहिल्या फटक्यात जुळली.

अंजना शितलताईंबरोबर छायांकित प्रती आणायला बाहेर गेली. बन्सी टेबलाजवळच पिशवीत कागद भरत होता. फौजदार त्याच्या डाव्या बाजूनं निघाला. क्षणभर थांबला. किंचित वाकला आणि काहीतरी बोलला. बन्सीला फक्त शेजारी कुणीतरी आल्याचं जाणवलं, कानापाशी श्वास लागला. त्यानं झटकन मान वळवली.

"काय म्हणला साहेब? त्या कानानं ऐकू येत न्हाई मला."

फौजदारानं त्याच्याकडं बघितलं. ओठ एकदा हलल्यासारखे झाले. मग तो गर्दीतून वाट काढत बाहेर गेला.

घरी जाताना एसटीत अंजना त्याच्या उजवीकडं बसली होती. त्यानं तिला सांगितलं.

"माफी मागितली आसंल," ती म्हणाली.

"आन् दम दिला आसंल तर?"

अंजना खिडकीतून बाहेर बघत राहिली. "चेहरा कसा व्हता?"

"न्हाई कळलं."

पैसे महिन्याच्या आत जमा झाले. पुण्यात ऑपरेशन झालं. पडदा शिवला, शिट्टी कमी झाली, ऐकू येणं थोडंसंच वाढलं. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं. पोपटरावांची मोटार पुन्हा दुकानात आली, गडी घेऊन आला, स्वतः पोपटराव अजून आलेले नाहीत. चौकशी चालू आहे असं शितलताई सांगतात. तडजोडीच्या त्या कागदाच्या दोन प्रती बन्सीनं काढल्या, एक कपाटात ठेवली, एक मोनालीला दिली. व्हेरिफिकेशनला लागेल तिला, म्हणाला.

पण मधूनच, काम करता करता, तो थांबतो. अंजना विचारते, काय झालं. तो म्हणतो, "त्या दिवशी त्यो काय म्हणला आसंल गं?" ती म्हणते, "पुन्यांदा तेच?" आणि चहा ठेवायला उठते.